पान कोण मांडतो?

आपल्या चळवळीने शब्दाची जेवढी काळजी घेतली तेवढी तो शब्द ज्या पानावर उतरतो त्या पानाची घेतली नाही, हे माझे विधान अनेक मित्रांना रुचणार नाही. पोटाला चिमटा घेऊन ज्यांनी अंक काढले, पगारातून कागदाचे बिल भागवले, खांद्यावर गठ्ठे घेऊन परिषदा गाठल्या, त्यांना आज कोणी पानाच्या मांडणीचा हिशेब विचारावा ही त्यांना कृतघ्नता वाटेल. गठ्ठे वाहणाऱ्यांपैकी मीही एक आहे. तरीही हा हिशेब झाला पाहिजे. कारण तो आता आपल्या मुलामुलींच्या शिक्षणाचा आणि पोटाचा प्रश्न झाला आहे.

निमित्त साधे आहे. एका चर्चासत्रानंतर बारावी झालेली एक मुलगी माझ्याकडे आली. तिच्या हातात आपल्याच एका नियतकालिकाचा अंक होता. ती म्हणाली, "सर, मला मासिकं मांडायला शिकायचंय. कुठं शिकू? आणि त्याच्यावर पोट भरंल का?" मी माध्यमिक शाळेतला, निवृत्तीला आलेला चित्रकलेचा शिक्षक. कोणत्या परीक्षेला बसावे, कोणता अर्ज भरावा, एवढे मी तिला सांगू शकलो. ती जे विचारत होती त्याचे उत्तर मात्र मला त्या वेळी देता आले नाही. हा लेख म्हणजे ते राहिलेले उत्तर आहे.

मांडणी म्हणजे मुखपृष्ठावरचे चित्र नव्हे, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. अक्षराचा आकार किती, दोन ओळींत अंतर किती, ओळ किती शब्दांची, समास किती सोडायचा, कविता कुठे तोडायची आणि कुठे मुळीच तोडायची नाही, छायाचित्राखाली काय लिहायचे, जाहिरात कुठे बसवायची, लेखकाचे नाव कोणाच्या नावापेक्षा मोठे छापायचे, या सर्व निर्णयांना मांडणी म्हणतात. निर्णय म्हटला की तो घेण्याचा अधिकार आला. आणि अधिकार म्हटला की तो कोणाकडे आहे हा प्रश्न आलाच.

१

माझे वडील तालुक्याच्या गावी एका छापखान्यात जुळारी होते. शाळा चौथीपर्यंत. परंतु शिशाचे खिळे उलटे असतात आणि ते उलटेच वाचावे लागतात, हे वाचन त्यांना कोणत्याही पदवीधरापेक्षा चांगले येत होते. केसमधल्या शेकडो खणांत कोणते जोडाक्षर कुठे आहे हे त्यांची बोटे जाणत. स्टिकमध्ये ओळ भरली की तिच्याखाली शिशाची पट्टी टाकायची की नाही, हे ते नजरेने ठरवीत. मालक म्हणे, पट्ट्या काढ, दोन पाने वाचतील. वडील म्हणत, वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकला की म्हातारा माणूस वाचताना अडखळतो. पुढे जाडजूड इंग्रजी पुस्तकांतून मी जे शिकलो त्याचे सार या एका वाक्यात होते. देवनागरीला रोमन लिपीपेक्षा ओळींमध्ये अधिक अंतर लागते. कारण आपल्या अक्षरांना शिरोरेघेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार असतात आणि पायाशी उकार, ऋकार लोंबतात.

या छापखान्यात दरवर्षी एक दिवाळी अंक छापला जाई. अंकाच्या दुसऱ्या पानावर संपादकाचे, मुखपृष्ठ काढणाऱ्या चित्रकाराचे आणि छापखान्याच्या मालकाचे नाव असे. संपादक मजकूर पाठवी आणि वर पेन्सिलीने लिही, 'जागेत बसवा.' तो जागेत बसवण्याचे काम, म्हणजेच आज ज्याला मांडणी म्हणतात ते काम, वडील करीत. त्यांचे नाव कधी आले नाही. ट्रेडल चालवणाऱ्याचे आले नाही, फर्मे दुमडणाऱ्या आणि शिवणाऱ्या बायांचे तर नाहीच नाही.

बाबासाहेबांनी १९३६ साली 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये जातिव्यवस्थेबद्दल जे सांगितले ते प्रत्येक छापखान्यात उभे राहून पाहता येते. ती केवळ श्रमाची विभागणी नाही, श्रमिकांची विभागणी आहे. आणि ही विभागणी पायरीपायरीची आहे. ज्याच्या डोक्यात अंक असतो त्याच्या हाताला शाई लागत नाही. ज्याच्या हाताला शाई लागते त्याच्या डोक्यात काही असेल, हे कोणाला मान्य नसते. १९९० च्या सुमारास संगणक आला, तेव्हा वडिलांना घरी बसवले गेले आणि खिळे वजनावर भंगारात गेले. तीस वर्षांचे डोळ्यांचे ज्ञान कोणी विचारलेही नाही. नव्या यंत्रावर बसला तो मालकाचा मुलगा. त्याने पहिल्याच अंकात ओळी इतक्या जवळ घेतल्या की सगळे उकार वेलांट्यांत अडकले.

२

हीच फाळणी शिक्षणातही आहे, आणि ती अपघाताने झालेली नाही.

मुंबईचे जे. जे. कला विद्यालय १८५७ चे. तेथे व्यावसायिक कलेचा वर्ग १९३५ साली सुरू झाला आणि १९६१ साली उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था झाली. त्याच १९६१ साली अहमदाबादेत राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. मुंबईच्या आयआयटीत औद्योगिक अभिकल्पाचे केंद्र १९६९ साली आले. ही झाली डोक्याची घरे. दुसरीकडे मुद्रण तंत्रनिकेतने आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था: येथे ऑफसेट यंत्र चालवणे, प्लेट करणे, संगणकावर मजकूर जुळवणे शिकवतात. ही झाली हाताची घरे. पहिल्या घरातला विद्यार्थी पान 'कल्पितो', दुसऱ्या घरातला ते 'बसवतो'. पहिल्याला डिझायनर म्हणतात, दुसऱ्याला ऑपरेटर. आपली मुले कोणत्या घरात अधिक दिसतात, हे मी सांगण्याची गरज नाही. ज्याला शंका असेल त्याने दोन्ही ठिकाणच्या वर्गांत एकदा डोकावून यावे.

पहिल्या घरात जाण्याची वाट शाळेपासून सुरू होते. महाराष्ट्रात एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा आहेत. त्यांत संकल्पचित्र असते, कर्तव्यभूमिती असते, अक्षरलेखन असते. परीक्षा चांगल्या आहेत. खेड्यातल्या मुलाला कला हा विषय असतो हे प्रथम त्याच सांगतात. पण त्यासाठी शाळेत चित्रकलेचा शिक्षक लागतो, आणि जिल्हा परिषदेच्या व आश्रमशाळांच्या कित्येक वर्गांत तो नसतो. जेथे असतो तेथे त्याला चित्रकलेचा तास सोडून बाकी सर्व कामे असतात. पुढची पायरी भाषेची. अभिकल्पाच्या पदवीसाठी आयआयटी २०१५ पासून जी प्रवेशपरीक्षा घेतात तिची प्रश्नपत्रिका इंग्रजीत असते. चित्र काढायला इंग्रजी कशाला लागते, असा प्रश्न आमच्या मुलांना पडतो. तो भाबडा नाही. प्रश्न समजला तरच चित्र काढता येते.

आरक्षणाने दार उघडले हे खरेच. मी त्या दारातूनच गेलो. परंतु दाराच्या आत काय आहे त्याबद्दल बोलले पाहिजे.

३

१९८६ साली मी एका शहरातल्या उपयोजित कलेच्या महाविद्यालयात दाखल झालो. फी माफ होती. पण रंगाच्या बाटल्या, ब्रश, ड्रॉइंग बोर्ड, रेघा मारायचे जर्मन पेन यांना माफी नव्हती. शिष्यवृत्तीचे पैसे येत ते परीक्षा झाल्यावर. रात्री एका पेंटरच्या हाताखाली दुकानांच्या पाट्या रंगवून मी रंग विकत घेई. गंमत अशी की अक्षराचे वळण मला त्या पेंटरने शिकवले आणि गुण महाविद्यालयाने दिले.

तिसऱ्या वर्षी एका मासिकाचे मुखपृष्ठ करण्याचा पाठ होता. विषय आपणच निवडायचा. मी धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या विशेषांकाचे मुखपृष्ठ केले. दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या बायांची रांग, डोक्यावर गाठोडी, निळे आकाश आणि वर जाड अक्षरांत अंकाचे नाव. शिक्षकांनी ते बराच वेळ पाहिले. माणूस वाईट नव्हता. ते म्हणाले, "निळा फार भडक झालाय. आणि असलं मासिक विकत कोण घेतं? गृहशोभेचं कर, सिनेमाचं कर, बाजाराचा विचार कर." मी ते कागद गुंडाळून ठेवले आणि गृहशोभेच्या मासिकाचे मुखपृष्ठ केले. त्याला चांगले गुण मिळाले. बायांची ती रांग आजही माझ्या ट्रंकेत आहे.

'भडक' हा शब्द मी पुढे अनेक वर्षे मनात घोळवला. सुरुची, संयम, अवकाश, तोल: कलाशिक्षणातले हे शब्द निष्पाप वाटतात. परंतु कोणाच्या घरातला रंग संयमी आणि कोणाच्या वस्तीतला भडक, हे कोण ठरवतो? जर्मनीतले बाउहाउस १९१९ साली निघाले आणि नाझींच्या राजवटीत १९३३ साली बंद पडले. त्याचा आणि पुढे स्वित्झर्लंडमध्ये घडलेल्या चौकटबद्ध मांडणीचा अभ्यास आम्ही वर्षभर केला. तो केला म्हणून माझी तक्रार नाही. तक्रार ही की जगाची मांडणी तेवढीच, असे आम्हाला सांगितले गेले. रोमन अक्षराची उंची, पाय, शेपूट आम्हाला पाठ होते. आपण ज्या लिपीत अंक काढणार त्या देवनागरीला मात्र वाट्याला आले चार तास. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यासाठी देवनागरीचे देखणे खिळे कोरणारे राणोजी रावजी आरू यांचे नाव वर्गात कोणी घेतले नाही. बापूराव नाईकांनी १९७१ साली देवनागरीच्या मुद्राक्षरांवर तीन खंडांचा ग्रंथ लिहिला होता. तोही मला पुढे रद्दीच्या दुकानात भेटला.

येथे एकांगी होता कामा नये. याच संस्थांच्या परिसरात लिपीवर प्रेम करणारी माणसेही झाली. र. कृ. जोशींनी आयआयटीत वर्षानुवर्षे अक्षर शिकवले, आणि संगणकावर देवनागरी उमटवणारा 'मंगल' हा टंक त्यांच्या हातचा आहे. कमल शेडग्यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींत अक्षरालाच चेहरा दिला. मलाही त्या महाविद्यालयाने काही दिले: पान आधी रिकामे पाहायला शिकवले, मोजमाप शिकवले, एकच ओळ दहा वेळा लिहून नववी टाकून देण्याचा धीर शिकवला. हे धन आहे आणि ते आपल्या मुलांना मिळालेच पाहिजे. माझा विरोध शिक्षणाला नाही. ज्या शिक्षणात माझ्या वडिलांचे ज्ञान 'ज्ञान' ठरत नाही आणि माझ्या वस्तीचा रंग 'रंग' ठरत नाही, त्या शिक्षणाच्या मिजाशीला आहे.

४

आपल्या चळवळीने १९७२ साली जे नाव घेतले ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर पक्षावरून. त्यांच्या लढ्याबद्दल, कवितेबद्दल आपण पुष्कळ लिहिले. त्यांचे वृत्तपत्र कोण मांडत होते, याबद्दल मात्र जवळजवळ काहीच लिहिले नाही.

ते मांडत होता एमरी डग्लस. हा मुलगा पंधराव्या वर्षी कॅलिफोर्नियातल्या बालगुन्हेगारांच्या सुधारगृहात होता. तेथील छापखान्यात त्याला काम दिले गेले. छपाईचे पहिले धडे त्याने तेथे घेतले. पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी कॉलेजात तो व्यावसायिक कला शिकला. १९६७ च्या प्रारंभी बॉबी सील टंकयंत्र आणि साधे पेन घेऊन पक्षाच्या पत्राचा पहिला अंक जुळवीत असल्याचे त्याने पाहिले आणि सांगितले, माझ्याकडे कॉलेजातले साहित्य आहे, मी मदत करतो. तेव्हापासून ते पत्र त्याने मांडले. पुढे तो पक्षाचा सांस्कृतिक मंत्री झाला. अंकांचा खप एके काळी लाखावर गेला होता.

त्याच्या पानांकडे मांडणीचा विद्यार्थी म्हणून पाहावे. पैसे नव्हते म्हणून काळ्यासोबत एकच रंग. पण तो एक रंग असा वापरलेला की दुसऱ्याची उणीव भासू नये. जाड काळ्या रेषा, लाकडी ठशाच्या छापासारख्या, स्वस्त कागदावरही न फुटणाऱ्या. ज्या वस्तीत वाचणारे थोडे आणि पाहणारे पुष्कळ, तेथे चित्रानेच अर्धा लेख सांगितला पाहिजे, हा त्याचा विचार. त्याची माणसे दीनवाणी नाहीत. डोक्याला रुमाल बांधलेली म्हातारी बाईसुद्धा पानभर उभी असते.

यातून आपण काय घ्यायचे? डग्लसने व्यावसायिक कलेचे तंत्र नाकारले नाही. जाहिरातीसाठी शिकवलेले तंत्र त्याने उचलले आणि त्याचा मालक बदलला. दुसरे असे की त्याचे शिक्षण दोन घरांत झाले, छापखान्यात आणि महाविद्यालयात. हात आणि डोके त्याच्यात फाटले नाहीत. आपल्याकडे ही दोन घरे एकाच माणसाला क्वचितच मिळतात.

५

आपली स्वतःची परंपराही लहान नाही. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात 'दीनबंधु' काढले. नारायण मेघाजी लोखंड्यांनी ते पुढे मुंबईत चालवले. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला. त्यामागे शाहू महाराजांचे अडीच हजार रुपये होते. पैसे मोजायची तयारी असूनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही, ही गोष्ट सर्वांना माहीत आहे. मला तीत मांडणीचा धडा दिसतो: दुसऱ्याच्या पानावर आपल्याला विकतही जागा मिळत नाही, म्हणून पान आपलेच असावे लागते. 'मूकनायक'च्या शिरोभागी तुकोबा आणि १९२७ च्या 'बहिष्कृत भारत'च्या शिरोभागी ज्ञानेश्वर, हे केवळ भक्तीने झालेले नाही. ज्या परंपरेने आपल्याला देवळाबाहेर ठेवले तिच्यातलीच साक्ष काढून ती पानाच्या माथ्यावर बसवणे, हा एक मांडणीचा निर्णय होता. 'बहिष्कृत भारत'चे रकानेच्या रकाने बाबासाहेबांना एकट्याने भरून काढावे लागत. १९३० साली 'जनता' आणि १९५६ साली 'प्रबुद्ध भारत' आले. चळवळीचा स्वतःचा छापखाना होता. दादरच्या आंबेडकर भवनातल्या बुद्धभूषण छापखान्यासह ती वास्तू २०१६ च्या जूनमध्ये पाडली गेली, तेव्हा हजारो लोक रस्त्यावर उतरले. आपण इमारतीसाठी रडलो, आणि ते योग्यच होते. पण त्या छापखान्यात अंक कसा जुळत होता, खिळे कोणते होते, कागद कोणता होता, हे सांगणारी माणसे जिवंत असताना आपण त्यांच्याकडे किती वेळा गेलो?

साठोत्तरी लघुनियतकालिकांनी हा प्रश्न काही काळ धरला होता. चक्रमुद्रित पाने, हाताने लिहिलेली अक्षरे, वेडेवाकडे आकार: गुळगुळीत मासिकाच्या देखणेपणालाच ते आव्हान होते. राजा ढाले यांनी १९६९ साली 'सत्यकथे'चा अंक जाळला तेव्हा जाळला गेला तो एक वाङ्मयीन दरारा. आणि त्या दराऱ्यात मौजेची निर्दोष छपाईदेखील होती, हे विसरू नये. पुढे आपली नियतकालिके स्थिरावली, त्यांनी मोठे लेखक घडवले. पानाबाबत मात्र आपण जाळलेल्या अंकाच्या जागी दुसरे पान कल्पिले नाही. जे छापखान्यात तयार होते ते घेतले.

आणि म्हणून आज काय दिसते? कविता अर्ध्या कडव्यावर तुटते आणि मध्ये हितचिंतकाची जाहिरात येते. मुखपृष्ठावर पाच प्रकारची अक्षरे भांडतात. नऊ पॉइंटांत लेख दाटीवाटीने बसवलेला असतो आणि तो वाचायचा असतो विहारातल्या एका मंद दिव्याखाली, साठीतल्या माणसाने. जुन्या टंकांत जुळवलेल्या संगणकीय फाइली नव्या यंत्रावर उघडल्या की मजकुराच्या जागी निरर्थक चिन्हे येतात. वीस वर्षांपूर्वीचे अंक आपण असे गमावत आहोत.

यावर ठरलेले उत्तर येते: आम्हाला आशय महत्त्वाचा, रूप हे रूपवाद्यांना लखलाभ. हे उत्तर मला मान्य नाही. रूपवादाला नकार देणे म्हणजे रूपाला नकार देणे नव्हे. रूपवादी म्हणतो, पान सुंदर असले की पुरे. आपण म्हणायचे, पान वाचता आले पाहिजे आणि त्यावरच्या माणसाचा मान राहिला पाहिजे. दुसरी कसोटी पहिलीहून कठीण आहे. २००६ साली खैरलांजीत भोतमांगे कुटुंबाची जी विटंबना झाली तिची छायाचित्रे हातोहात फिरली. ती छापावीत की नाही, छापली तर केवढी, कोणत्या पानावर, खाली काय लिहून, समोरच्या पानावर काय ठेवून? जगाला पुरावा हवा होता, हे खरे. पण त्या मायलेकींना पुन्हा एकदा उघडे पाडण्याचा अधिकार संपादकाला कोणी दिला होता, हेही खरे. हा प्रश्न नीतीचा आहे, आणि तो सोडवायचा असतो मांडणीच्या टेबलावर, अंक छापायला जाण्याच्या आदल्या रात्री. त्या रात्री तेथे आपल्यातला, शिकलेला, जाणता माणूस बसलेला असावा की 'जागेत बसवा' एवढेच ऐकणारा कोणी?

६

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो.

कुठे शिकू? माझे उत्तर: दोन्ही घरांत. शक्य असेल तर पदवीची प्रवेशपरीक्षा दे, उपयोजित कलेला जा, आरक्षणाची जागा संकोच न करता घे. २०२३ साली जे. जे. अभिमत विद्यापीठ झाले. अशा बदलांत शुल्क आणि राखीव जागा यांचे काय होते, यावर विद्यार्थी संघटनांनी दरवर्षी नजर ठेवली पाहिजे. परंतु सुट्टीत छापखान्यात जा. सोळा पानांचा फर्मा कसा दुमडतो, म्हणून अंकाची पाने सोळाच्या हिशेबात का ठरवावी लागतात, कागदाचे वजन वाढले की टपालखर्च कसा वाढतो, हे तेथेच कळते. पदवी जमली नाही तर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतला डीटीपीचा अभ्यासक्रम कमी समजू नकोस. ऑपरेटर म्हणून जा, पण ऑपरेटर राहू नकोस.

काय शिकू? पहिले देवनागरी. मराठीचा पाकळीचा ल आणि देठाचा श हिंदी वळणापेक्षा वेगळा आहे. राज्य शासनाने २००९ साली वर्णमालेच्या निर्णयात तो मान्य केला, तरी टंक निवडताना आपण तो पाहत नाही. 'मुक्ता', 'बालू' यांसारखे चांगले टंक आज मोफत मिळतात. 'स्क्रायबस'सारखे मांडणीचे मोफत सॉफ्टवेअर आता देवनागरीची जोडाक्षरे नीट बसवते. चोरीच्या प्रतीवाचून काम होऊ शकते. प्रत्येक मजकूर युनिकोडमध्येच जुळवायचा, म्हणजे तो वीस वर्षांनी वाचता येईल. बारा पॉइंटांच्या अक्षराला सतरा-अठरा पॉइंटांची ओळ देऊन पाहा आणि ते पान आजीला वाचायला दे. ती कुठे अडखळते तेथे खूण कर. तिसरे, मुद्रितशोधन. चुकीच्या ऱ्हस्व-दीर्घाबद्दल आपल्याला हिणवले जाते म्हणून नव्हे, तर लेखकाचा शब्द लेखकाचाच राहावा म्हणून. बोलीतला शब्द कोणी 'शुद्ध' करून टाकला तर ती चूकच आहे, आणि ती पकडणारा डोळा बोली जाणणाराच असावा लागतो. चौथे, आपले जुने अंक. 'भीमायन' २०११ साली आले, त्यात दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी चित्रकथेचे ठरलेले चौकोन मोडून बाबासाहेबांचे आयुष्य पानभर वाहते केले. त्यांचे शिक्षण कोणत्या महाविद्यालयात झाले नव्हते. तेही पुस्तक समोर ठेव.

पोट भरेल का? खोटे सांगणार नाही. केवळ मासिकांवर नाही. १९०९ साली 'मनोरंजन'ने सुरू केलेली दिवाळी अंकांची परंपरा अजून चालू आहे, पण ते काम हंगामी. हेच कौशल्य पाठ्यपुस्तकांना लागते, ग्रंथांना लागते, वेष्टनांना, अहवालांना, भ्रमणध्वनीच्या पडद्यालाही लागते. पोट तेथे भर. वर्षातले चार अंक आपल्यासाठी राख.

आणि आपण संपादकांनी काय करायचे? अंकाच्या खर्चात कागद, छपाई, टपाल यांच्याबरोबर मांडणी असे एक कलम धरायचे, रक्कम लहान असली तरी. परिषदेला कविसंमेलन ठेवतो तसा एक दिवस मांडणीच्या शिबिराचा ठेवायचा. तेथे निवृत्त जुळाऱ्यांना पाहुणे म्हणून बोलवायचे, व्यासपीठावर. हयात आहेत तोवर. माझे वडील आता नाहीत.

ती मुलगी सध्या दर रविवारी माझ्याकडे येते. पहिल्या दिवशी मी तिला ट्रंकेतले ते जुने मुखपृष्ठ दाखवले. तिने ते टेबलावर पसरले, दूर जाऊन पाहिले आणि म्हणाली, "सर, निळा बरोबर आहे. पण अंकाचं नाव बायांच्या डोक्यावर पडतंय. थोडं वर घ्या." तिचे बरोबर होते. शिक्षकांनी मला हे सांगायला हवे होते. ते रंगावरच थांबले.

येत्या अंकाची सोळा पाने तिने मांडली आहेत. संपादकांना माझी विनंती एवढीच: दुसऱ्या पानावर, तुमच्या नावाखाली, त्याच आकाराच्या अक्षरांत, तिचे नाव छापा.